तुमच्या वॉर्डात नक्की कोण ठरवतं?

तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे गुगल न करता सांगा बरं. आमदाराचं नाव येतं, खासदाराचंही येतं. आयपीएलमधल्या लाडक्या टीमचा बेंचवर बसणारा विकेटकीपरसुद्धा पाठ असतो. नगरसेवकापाशी मात्र गाडी अडते. आणि गंमत अशी, की क्लासवरून परतताना ज्या गल्लीत दिवे नसतात, जी सार्वजनिक अभ्यासिका ऐन परीक्षेत लवकर बंद होते, जिथे बसथांब्याला छप्पर नाही, तो सगळा कारभार याच माणसाच्या सभागृहातला. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या पदरात १८ विषयांची यादी टाकली. नगररचना, पाणी, बागा, मैदानं, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, रस्त्यावरचे दिवे, अगदी पार्किंगसुद्धा. पंतप्रधानांवर तासभर वाद घालणाऱ्या आपल्या कट्ट्याला या यादीचा पत्ताच नसतो.

आधी एक फरक समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नगरपरिषद दोन प्रकारे बोलते. एक म्हणजे ठराव. सभेत मांडला, बहुमत मिळालं, मंजूर. दुसरा म्हणजे उपविधी. हा तुमच्या गावापुरता छोटा कायदाच. त्याचा मसुदा आधी जाहीर करावा लागतो, लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि वरून मंजुरीही घ्यावी लागते. तो मोडला तर दंड होऊ शकतो. ‘हरकती व सूचना’ असं शीर्षक असलेल्या, बारीक टायपातल्या ज्या जाहिराती आपण पेपरात न वाचता उलटतो ना, त्यातली एखादी तुमच्याच गल्लीबद्दल असू शकते.

आता कचरा घ्या. विषय वासाचा आहे, पण सगळ्यात जास्त शिकवणारा तोच. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक नगरपरिषदेला स्वतःचे उपविधी करायला सांगितलं आणि त्यासाठी वर्षभराची मुदत दिली. त्याच नियमांत तुमच्या कामाचं एक कलम होतं: परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमवून कार्यक्रम करायचा, तर कामाचे किमान तीन दिवस आधी पालिकेला कळवा आणि तिथला कचरा तिथेच वेगळा करा. किती फेस्टच्या, किती मंडळांच्या कमिट्यांनी हे केलं असेल? हात वर करणारे फार नसावेत.

पण नियम कागदावर असणं आणि गावाच्या अंगात भिनणं यात मोठं अंतर आहे. ते पाहायचं तर वेंगुर्ल्याला जा. पुढच्या गोवा ट्रिपच्या वाटेवरच आहे. २०११ च्या जनगणनेत जेमतेम बारा हजारांच्या घरातलं हे गाव. तिथल्या डंपिंग ग्राउंडवर आता लोक चक्क फिरायला जातात. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे घराघरातूनच कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात झाली. ओल्या कचऱ्यातून खत आणि बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा डांबरात मिसळून रस्त्याला, आणि जिथे ढीग होते तिथे झाडं आणि भाजीपाला. यात मशिनं फार मोठी नाहीत. अवघड होतं ते रोज सकाळी प्रत्येक दारात उभं राहून ‘मावशी, हे वेगळं करून द्या’ म्हणणं, आणि मिसळलेला कचरा परत करण्याची हिंमत दाखवणं. कचरा परत आला की घरात जी चर्चा होते, ती कुठल्याही पोस्टरने होत नाही.

कराडला खेटून असलेल्या मलकापूरनेही अशीच एक नकोशी वाटणारी गोष्ट केली. घरोघरी पाण्याला मीटर लावले आणि चोवीस तास पाणी दिलं. जास्त वापराल तर जास्त दराने भरा. पाणी कधीही येतं म्हटल्यावर पिंपं भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतायची सवयच निरर्थक होते. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

ठरावाची ताकद बघायची तर मात्र शहराबाहेर पडावं लागतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. दीड तासाने पुन्हा भोंगा, मग तुम्ही मोकळे. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. काही दिवसांतच राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असं परिपत्रक काढलं. एका गावाने सरकारला दिशा दाखवली, उलटं नाही.

सगळेच ठराव असे सुंदर नसतात. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने अठराखालच्या मुलांना मोबाइल बंद केला आणि त्याला दंडाची जोड दिली. हेतू वडगावसारखाच, अभ्यासाचा. पण वडगावात भोंगा आई-बाबांसाठीही वाजतो. सासूची मालिकाही थांबते. बान्सीत नियम फक्त पोरांना. आणि ग्रामसभेत मत असतं ते मतदारयादीत नाव असलेल्यांना, म्हणजे अठरा पूर्ण झालेल्यांना. ज्यांच्याबद्दल ठरलं, त्यांना हात वर करायचा हक्कच नव्हता. मला तरी हे पटत नाही.

आपल्यासारख्या मधल्या गावांची अडचण आणखी वेगळी. खेड्याला ग्रामसभा आहे. घटनेने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना. नगरपरिषदेची बहुतेक गावं या दोन्हींच्या मध्ये लोंबकळतात. त्यात भर म्हणजे मुदत संपल्यावर कित्येक ठिकाणी काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या तेव्हा कुठे नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. म्हणजे आता तुमच्यातल्या अनेकांनी पहिलं मत दिलेली माणसं तिथे बसली आहेत. काय करताहेत, ते बघायला नको?

बघायला अडचण काहीच नाही. सर्वसाधारण सभा नागरिकांना खुली असते. जाऊन मागे बसता येतं. पहिल्यांदा कंटाळा येईल, अर्धा वेळ टेंडर आणि बिलं यातच जाईल, कोणी तरी उगाच आवाज चढवेल. पण दुसऱ्या खेपेला कोण वाचून आलंय आणि कोण नुसता ‘मंजूर’ म्हणतोय, ते कळायला लागतं. जमत नसेल तर सभेचं इतिवृत्त मागवा. माहितीच्या अधिकाराचा साधा कागदी अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. अर्जात ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका, नाहीतर सगळ्याच्या नावाखाली काहीच हाती लागत नाही. ‘अमुक तारखेच्या सभेचं इतिवृत्त आणि अमुक प्रभागातल्या पथदिव्यांच्या दुरुस्तीचे ठराव’ असं नेमकं मागा. चौघांनी चार प्रभाग वाटून घेतले, तर एका सेमिस्टरमध्ये गावातल्या अंधाऱ्या गल्ल्यांचा नकाशा तयार होतो. राज्यशास्त्राच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर हाच घ्या.

आणि निवडणूक लढवायला वय लागतं फक्त एकवीस. म्हणजे तुमच्यातले काही जण आजच पात्र आहेत, आणि सेकंड इयरवाले पुढच्या वेळेपर्यंत नक्कीच.