नव्वद टक्के सूट आणि एक चुकलेलं अक्षर

नाताळच्या सुट्टीत हजीराला मावशीकडे गेले होते. काका तिथे कंत्राटदाराकडे वेल्डिंगचे सुपरवायझर. नव्या कंत्राटदाराकडे गेटपास काढायचा तर आधार आणि अनुभवपत्र यांवरचं नाव जुळायला हवं. आणि आडनावाच्या शेवटी आधारवर ‘झेड’, पत्रावर ‘एस’! नेमकी तेव्हाच मोबाइलवर जाहिरात आली: पीडीएफ एडिटरसह दहा सॉफ्टवेअर, नव्वद टक्के सूट, शेवटचे बारा तास. काका म्हणाले, “बघ गं, घेऊ का? एकच अक्षर तर बदलायचंय.”

मी लगेच ‘नको’ म्हटलं, कारण असाच एक संच मी मागच्या वर्षी शिकवणीच्या पैशांतून घेतला होता. एका जुन्या मराठी पुस्तकाच्या स्कॅनमधून मजकूर उचलायचा होता. संचात ओसीआर होतं, पण त्याच्या भाषांमध्ये मराठी नव्हती. उरलेली नऊ सॉफ्टवेअर मी उघडलीसुद्धा नाहीत. एकूण किमतीला दहाने भागायचं हा विकणाऱ्याचा हिशेब. आपण खरंच वापरणार तेवढ्यांनीच भागायचं. माझा भागाकार शून्याने होता.

पीडीएफ 1993 मध्ये अडोबीने आणली, ती कागद कुठेही सारखाच दिसावा म्हणून. 2008 पासून ते खुलं आयएसओ मानक आहे, म्हणून इतकी फुकट साधनं निघाली. पण ही फाइल वाक्यं नव्हे, तर कुठलं चिन्ह पानावर कुठे बसवायचं ते लक्षात ठेवते. फॉन्टमधली वापरलेली अक्षरंच बहुतेक वेळा सोबत येतात, त्यामुळे नवं अक्षर घालताना एडिटर दुसराच फॉन्ट लावतो. (हजीराच्या पत्त्यात ‘झेड’ होता, तेवढं काकांचं नशीब!) मराठीत तर आणखी गोंधळ: ‘कि’ची वेलांटी आपण ‘क’नंतर टाइप करतो, दिसते मात्र आधी. अशा पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या आणि जोडाक्षरं कुठल्या कुठे जातात. म्हणून चाचणी प्रत घ्यायची आणि आपलीच मराठी फाइल उघडून बघायची. कंपनीची नमुना फाइल कायम शहाण्यासारखी वागते.

फॉर्म भरणं, सही टाकणं अडोबीच्या फुकट रीडरमध्ये होतं. पानं जोडायला-तोडायला पीडीएफसॅम बेसिक आहे. स्कॅन गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडला की मराठी मजकूरही मिळतो, फक्त नीट तपासावा लागतो. हे मला पैसे गेल्यावर कळलं. आधारची प्रत मात्र अनोळखी साइटवर चढवू नका, फुकट असली तरी.

विकत घ्यायचंच नाही असं नाही. रोज शेकडो पानं हाताळणाऱ्याला, किंवा गोपनीय मजकूर कायमचा काढून टाकावा लागणाऱ्याला चांगला एडिटर हवाच. नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर बऱ्याचदा कॉपी होतो. फक्त ‘लाइफटाइम’चा अर्थ अटींमध्ये वाचा. अनेकदा तो त्या एका आवृत्तीपुरता असतो.

काकांना एडिटर नकोच होता. दुसऱ्याने दिलेल्या पत्रात आपण अक्षर बदललं, बरोबर बदललं तरी, ती खाडाखोडच. डिजिटल सही असती तर फाइलनेच ‘बदल झालाय’ म्हणून सांगितलं असतं. आम्ही आधारची प्रत जोडून जुन्या कंत्राटदाराला मेल केला. आठवड्याने दुरुस्त पत्र आलं. त्याच दिवशी जाहिरातही पुन्हा आली: शेवटचे बारा तास.