जर्मनीला पैसे पाठवताय? चार्ज नंतर, आधी रेट विचारा

कुरुळीतून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय: "दादा, मास्टर्सला जर्मनीला चाललोय. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे भरायचेत. बँक म्हणते चार्ज हजार रुपये. एवढंच ना?"

नाही रे, एवढंच नाही.

जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो आधी त्या खात्यात दाखवावे लागतात. आता चाकण मार्केटला कांदा नेणाऱ्या घरातल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. पट्टीवर हमाली, तोलाई छापलेली असते, पण खरा खेळ भावात असतो. इथेही तसंच. हिशेबाला सोपं म्हणून धरू, गुगलवर युरो १०० रुपये दिसतोय आणि बँक १०२ लावते. ११,९०४ गुणिले २, म्हणजे २३,८०८ रुपये. हे पावतीवर 'चार्ज' म्हणून कुठेच लिहिलेलं नसतं!

वर जीएसटी. तो सगळ्या रकमेवर १८ टक्के नसतो, घाबरू नका. बारा लाखांमागे साधारण हजार रुपये बसतो.

आता मधली बँक. स्विफ्ट पैसे नेत नाही, फक्त निरोप नेते. आपल्या बँकेचं तिकडच्या बँकेत थेट खातं नसेल, तर मध्ये तिसरी बँक येते आणि ती आपला वाटा कापून घेते. फॉर्मवर 'शेअर्ड' असेल तर ही कापाकापी तुमच्या युरोतून होते. 'अवर' निवडलं तर तो खर्च वेगळा, इथेच भरायचा. ब्लॉक्ड अकाउंटला 'अवर'च घ्या असं मी म्हणेन. वीस युरो कमी पोहोचले तरी खातं अपुरं ठरतं, आणि व्हिसा त्यावर अडू शकतो.

राहिला टीसीएस. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर जेवढं पाठवाल, तेवढ्यावर बँक तो कापते. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर १ एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही. हा खर्च नव्हे, परत मिळतो. पण पैसे ज्यांच्या खात्यातून गेले त्यांच्या पॅनवर. वडिलांनी पाठवले तर रिटर्न वडिलांनी भरायचं. शेतीवाल्या घरात बरेच जण रिटर्न भरतच नाहीत, मग ते पैसे तसेच पडून राहतात.

तर बँकेत एकच प्रश्न विचारा: "जर्मनीत पूर्ण ११,९०४ युरो पडायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" दोन-तीन बँकांना एकाच वेळी विचारा, कारण रेट दिवसभर हलतो. आणि ब्रँचमध्ये समोर बसून बोला. एवढ्या रकमेला रेटमध्ये घासाघीस होऊ शकते, ॲप काही तुमचं ऐकणार नाही.