‘सफर’ म्हणजे केवळ दुःख भोगणे नव्हे

आपल्या पुष्कळ कुटुंबांत मुले घरी मराठी बोलतात व शाळेत इंग्रजी शिकतात. अशा मुलांच्या हाती जुने इंग्रजी शुभवर्तमान पडले, की ती एका क्रियापदापाशी अडखळतात. ते क्रियापद म्हणजे ‘सफर’. संत मार्कच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू बालकांना जवळ बोलावतो, त्या ठिकाणी ते योजिले आहे. शाळेत त्याचा अर्थ ‘दुःख भोगणे’ असा शिकविलेला असतो. मग ‘आम्ही लेकरांनी दुःख भोगावे, अशी का प्रभूची इच्छा?’ अशी शंका बालमनात उद्भवते. तिचे निरसन वेळीच झाले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘खाली’ व ‘वाहणे’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून तो बनला. ओझे खालून पेलणे, हा त्याचा मूळार्थ. त्यातूनच ‘सोसणे’ व ‘होऊ देणे’ असे दोन अर्थ निघाले. मराठीतही तसेच नाही काय? ‘त्याने वेदना सहन केल्या’ यात भोग आहे. ‘असले वर्तन मी सहन करणार नाही’ यात ‘होऊ देणार नाही’ असा भाव आहे.

वाक्याच्या रचनेवरून अर्थ ओळखावा. आजार सांगताना पुढे ‘फ्रॉम’ येते: ‘सफर फ्रॉम फीवर’. हानी सांगताना ते येत नाही: ‘सफर अ लॉस’. परंतु पुढे व्यक्ती व नंतर ‘टू’सह दुसरे क्रियापद आले, तर अर्थ ‘करू देणे’ असा होतो. 1582 च्या ऱ्हीम्स येथील कॅथलिक भाषांतरात व 1611 च्या प्रॉटेस्टंट भाषांतरात हीच रचना आहे. हा अर्थ आता बोलण्यात राहिला नाही; म्हणून 1946 च्या सुधारित नव्या करारात तेथे ‘लेट’ घातले आहे. मुलांनीही निबंधात ‘लेट’च लिहावे, मात्र त्याच्यापुढे ‘टू’ घालू नये.

तेव्हा आईबापहो, प्रभूची आज्ञा बालकांना नव्हे, त्यांना अडविणाऱ्या शिष्यांना होती. मिस्साच्या वेळी तान्ह्यांचे रडणे ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्या आपणां सर्वांनाही ती लागू आहे. लेकरांना प्रभूकडे येऊ द्यावे, आणि त्यापायी थोडा गलबला झाला, तर तोही आनंदाने सोसावा.