पाणी नितळ, तरी मासे गुदमरतात: नव्या टाकीतील नायट्राइटविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवी काचेची टाकी घरात येते. वाळू धुऊन पसरली जाते, फिल्टर लागतो, दुसऱ्याच दिवशी दहा-बारा मासे सोडले जातात. पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे सुस्तावतात, फिल्टरच्या धारेपाशी गोळा होतात, पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि एकेक करून मरतात. घरचे म्हणतात पाणी बाधले, शेजारचे म्हणतात दृष्ट लागली. बहुतेक वेळा दोष नायट्राइटचा असतो. ते वेळीच ओळखले, तर यातले बरेच मासे वाचवता येतात.

मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट करतो. ही दोन कामे दोन वेगळे जीवाणू करतात, हे सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास दाखवले. नव्या टाकीत पहिला गट आधी जोर धरतो, दुसरा मागे राहतो. या मधल्या काळात नायट्राइट साचते. इगतपुरीसारख्या पावसाच्या, थंडीच्या आणि मृदू पाण्याच्या गावात हा काळ जास्त जपून काढावा लागतो.

गैरसमज १: पाणी काचेसारखे नितळ आहे, म्हणजे ते चांगले आहे.

वस्तुस्थिती: नायट्राइटला रंग नाही आणि टाकीत असते त्या प्रमाणात वासही नाही. नितळ पाण्यातही ते घातक पातळीला पोहोचलेले असू शकते. उलट नव्या टाकीत कधीकधी दिसणारा दुधी गढूळपणा वेगळ्याच जीवाणूंमुळे येतो आणि आपोआप निवळतो. नायट्राइट कळते ते फक्त चाचणीने. थेंब टाकून करायच्या चाचणीत पाणी गुलाबी-जांभळे होते. ही अभिक्रिया पीटर ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये मांडली आणि आजचे संच तिच्यावरच चालतात. रंग तक्त्याच्या टोकाला गेला, तर टाकीच्या पाण्याच्या एका भागात शुद्ध पाण्याचे चार भाग मिसळून पुन्हा चाचणी करावी आणि आलेल्या आकड्याला पाचने गुणावे.

पहिल्या महिन्यात एक दिवसाआड मोजणी हवीच. आकडा लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेला, की हात हलवायचे.

गैरसमज २: फिल्टर दोन दिवस रिकामा चालवला, की टाकी तयार होते.

वस्तुस्थिती: अमोनियाच नसेल तर या जीवाणूंना खायला काहीच नाही. रिकामी टाकी महिनाभर चालवली तरी ती पहिल्या दिवसासारखीच राहते. खाद्य मिळाल्यावरही त्यांची वाढ सावकाश होते. अन्न कुजवणारे जीवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होऊ शकतात, यांना त्यासाठी अनेक तास, कधी दिवसाहून अधिक लागतो. म्हणून टाकी स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे जातात.

आकड्यांकडे पाहून अनेकजण घाबरतात, कारण अमोनिया उतरला तरी नायट्राइट त्याच्याही वर चढलेले दिसते. हे गणित सरळ आहे. एक मिलिग्रॅम अमोनियापासून वजनाने सुमारे २.७ मिलिग्रॅम नायट्राइट होते. आकडा वाढला म्हणजे टाकी बिघडली असे नाही. पहिले काम सुरू झाले आहे आणि दुसरे अजून व्हायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

थंडीत हा काळ आणखी लांबतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या इगतपुरीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री टाकीचे पाणी चांगलेच गार पडते. या जीवाणूंना २५ ते ३० अंश सेल्सिअस मानवते. पाणी १८ अंशांवर आले, की त्यांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. थंडीत नवी टाकी लावायची असेल, तर हीटर पहिल्या दिवसापासून हवा.

गैरसमज ३: मासे वर येऊन तोंड उघडतात, म्हणजे हवा कमी पडते.

वस्तुस्थिती: हवा कमी पडल्यानेही मासे वर येतात. पण नव्या टाकीत, एअर पंप व्यवस्थित चालू असताना ते वर येत असतील, तर आधी नायट्राइट मोजा. नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते. ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा आतून गुदमरतो. रक्त चॉकलेटी होते, लाल कल्ले तपकिरी दिसू लागतात.

हवा वाढवणे तरीही उपयोगाचे आहे, कारण माशाच्या रक्ताची क्षमता घटलेली असते आणि जीवाणूंनाही प्राणवायू भरपूर लागतो. पण नायट्राइट तेवढ्याने जात नाही.

गैरसमज ४: पाणी बदलले तर चांगले जीवाणू निघून जातात.

वस्तुस्थिती: हा गैरसमज सर्वांत जास्त मासे मारतो. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर, काचेवर चिकट थर करून राहतात. पाणी बदलल्याने ते जवळजवळ हलतही नाहीत.

नायट्राइट लगेच उतरवण्याचा खात्रीचा मार्ग पाणी बदलणे हाच आहे. लिटरला ४ मिलिग्रॅम असेल, तर निम्मे पाणी बदलल्यावर २ उरते आणि पुन्हा निम्मे बदलल्यावर १. मात्र नवे पाणी टाकीच्या पाण्याएवढ्याच तापमानाचे हवे. नळाचे पाणी असेल तर आधी त्यातला क्लोरिन काढलाच पाहिजे. पिण्याच्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक ठेवण्याचे भारतीय मानक आहे. आपल्याला ते सुरक्षित, पण माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जीवाणूंना नाही. दुकानात मिळणारे अँटी-क्लोरिन, म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, क्लोरिन काढते. नायट्राइट मात्र त्याने जात नाही.

गैरसमज ५: मग सगळी टाकीच धुऊन काढावी.

वस्तुस्थिती: वाळू उपसून, स्पंज नळाखाली पिळून, काच घासून पुन्हा मांडलेली टाकी म्हणजे पुन्हा पहिला दिवस. आठवडाभराने तेच नायट्राइट, तेच मरणारे मासे. धार मंदावली असेल तर स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळून घ्यावा, तोही सगळा एकदम नाही.

वीज जाण्याचा धोकाही असाच असतो. पावसाळ्यात वाऱ्या-पावसाने तासन्‌तास वीज गेली, तर बंद डब्याच्या फिल्टरमधला प्राणवायू संपतो आणि जीवाणू मरू लागतात. अशा वेळी डबा उघडून त्यातले स्पंज टाकीच्या पाण्यातच ठेवावेत आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप लावावा. बंद राहिलेला डबा तसाच पुन्हा सुरू केला, तर आत कुजलेले पाणी थेट टाकीत येते.

गैरसमज ६: घाटमाथ्याचे पावसाचे पाणी म्हणजे माशांसाठी अमृत.

वस्तुस्थिती: इगतपुरीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भावली, दारणा, मुकणे, वैतरणा ही तालुक्यातली धरणे त्यावरच भरतात. हे पाणी मृदू असते, त्यात क्षार थोडे. अनेक माशांना मृदू पाणी आवडते हे खरे, पण नव्या टाकीत त्यामुळे दोन अडचणी येतात.

पहिली क्लोराइडची. माशाच्या कल्ल्यांतील पेशी क्लोराइड आत घेतात आणि नायट्राइट त्याच वाटेने घुसते. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर नायट्राइटला वाट कमी मिळते. त्यामुळे नायट्राइटचा तोच आकडा क्षारयुक्त बोअरच्या पाण्यापेक्षा पावसाच्या मृदू पाण्यात जास्त घातक ठरतो.

दुसरी अडचण पीएचची. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पालटताना जीवाणू पाण्यातली सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च करतात. मृदू पाण्यात ती मुळातच कमी. ती संपली की पीएच घसरतो आणि सहाच्या आसपास आला की जीवाणूंचे काम जवळजवळ थांबते. फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या तुकड्यांची लहान पुरचुंडी ठेवली, तर क्षारता हळूहळू भरून निघते. खाण्याचा सोडा मूठभर टाकून पीएच एकदम चढवू नये. पाण्यात अमोनिया असेल, तर पीएच चढताच तो जास्त विषारी रूपात जातो.

पावसाळ्यात गढूळ पाणी आले की तुरटी फिरवायची आपली सवय आहे. तुरटीने गाळ बसतो, पण उरलीसुरली क्षारताही कमी होते. नायट्राइटवर तिचा काहीही परिणाम नाही. टाकीत तुरटी नको.

गैरसमज ७: मीठ टाकले की नायट्राइट नाहीसे होते; आणि आयोडीनयुक्त मीठ विषारी असते.

वस्तुस्थिती: दोन्ही चूक. मिठाने नायट्राइट एका कणानेही कमी होत नाही. मिठातले क्लोराइड त्याला कल्ल्यांच्या दारातच अडवते. कॅटफिशची शेती करणारे पाण्यात नायट्राइटच्या किमान दहापट क्लोराइड ठेवतात. दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवले, की लिटरला सुमारे ६० मिलिग्रॅम क्लोराइड मिळते. दोन फुटी टाकीत वाळू-दगड धरून ५० लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे पाच ग्रॅम, चहाचा एक सपाट चमचा. एवढे मीठ कोरीडोरससारख्या नाजूक माशांना आणि झाडांनाही सहसा सोसते. स्वयंपाकघरातले साधे मीठ चालते. त्यातले आयोडीन इतके अल्प असते, की या प्रमाणात त्याचा त्रास होत नाही.

मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून घालावे. पाणी बदलाल तेव्हा फक्त बदललेल्या पाण्यापुरतेच पुन्हा घालावे. मिठाचे पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते.

गैरसमज ८: निळे औषध किंवा बाटलीतले जीवाणू टाकले की काम झाले.

वस्तुस्थिती: निळे औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. माणसांतील मेथहिमोग्लोबिनवर डॉक्टर ते वापरतात, म्हणून हा समज अगदीच निराधार नाही. पण ते टाकीत ओतले तर फिल्टरमधल्या उपयोगी जीवाणूंनाच अपाय होऊ शकतो. वापरायचेच असेल, तर आजारी मासा वेगळ्या टबात ठेवून.

बाटलीतल्या जीवाणूंचे काम बाटलीगणिक बदलते. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करतात, पूर्वी मानले जाई तसे नायट्रोबॅक्टर नव्हे, हे १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले. बाटलीत नेमके कोणते जीवाणू आहेत आणि ती उन्हातान्हात किती दिवस पडून होती, यावर सारे अवलंबून. याहून भरवशाचा उपाय म्हणजे ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज. तो ओलाच आणून लगेच आपल्या फिल्टरमध्ये बसवावा.

गैरसमज ९: मरण्यापेक्षा धरणात सोडलेले बरे.

वस्तुस्थिती: यामागे दया असते, पण परिणाम उलटा होतो. बाहेरचे मासे आणि त्यांच्यासोबतचे रोग स्थानिक माशांच्या मुळावर येतात. टाकीतला सकर मासा उजनीच्या जलाशयात पसरून मच्छीमारांची जाळी फाडू लागला आहे. भावली-दारणाच्या पाण्यावर ही वेळ येऊ नये. मासे सांभाळणे होत नसेल, तर दुकानदाराला परत द्यावेत किंवा जुनी टाकी असलेल्या माणसाकडे सोपवावेत.

आज नायट्राइट जास्त आले, तर

निम्मे पाणी बदला, क्लोरिन काढून आणि तापमान जुळवून. दहा लिटरला एक ग्रॅम मीठ घाला. हवेचा पंप जोरात ठेवा. दोन-तीन दिवस खाद्य बंद करा, निरोगी मोठे मासे तेवढे सहज काढतात. त्यानंतर दिवसाआड चिमूटभरच घाला, दोन मिनिटांत संपेल एवढे. फिल्टर रात्रीही बंद करू नका. रोज मोजा आणि आकडा अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर दिसला, की पुन्हा पाणी बदला. या काळात नवा मासा आणू नका.

सलग आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले आणि नायट्रेट मोजणीत येऊ लागले, की टाकी तयार झाली. त्यानंतरही एका वेळी दोन-तीनच मासे आणा आणि पुढचे आणण्याआधी पुन्हा मोजा. मासे आणायच्या आधीच हे काम उरकता आले, तर उत्तमच. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य कुजू द्यावे, चाचण्या करत राहावे आणि आकडे शून्यावर आल्यावरच दुकानाची वाट धरावी. 'काटक' म्हणून पहिल्याच दिवशी सोडलेला गोल्डफिश किंवा मॉली या विषात तग धरेलही, पण त्याचेही कल्ले भाजतात, त्याचेही रक्त तपकिरी होते. टाकी आपण हौसेने आणतो. ती तयार होईपर्यंत महिनाभर थांबणे हे माशांप्रती आपले पहिले कर्तव्य आहे.