एलिस्ताचे बुद्धमंदिर आणि काल्मिक समाज

कॅस्पियन समुद्राच्या वायव्येस पसरलेल्या गवताळ मैदानात काल्मिकिया हे रशियन संघराज्यातील एक प्रजासत्ताक आहे. युरोप खंडात बौद्ध धर्म परंपरेने पाळणारा हा एकमेव प्रदेश होय. त्याची राजधानी एलिस्ता येथील ‘बुद्ध शाक्यमुनींचा सुवर्णनिवास’ हे मंदिर काल्मिक समाजाच्या पुनरुत्थानाचे प्रतीक मानले जाते.

काल्मिक हे पश्चिम मंगोलांपैकी ओइरात लोकांचे वंशज. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचे पशुपालक पूर्वज मध्य आशियातून व्होल्गा नदीच्या खोऱ्यात आले. तिबेटी परंपरेचा बौद्ध धर्म त्यांनी आपल्यासोबत आणला. भटक्या जीवनास अनुसरून त्यांची मंदिरेही आरंभी तंबूंतच असत. या मंदिरांना ‘खुरूल’ असे म्हणतात. १६४८ मध्ये झाया पंडित या विद्वान भिक्षूने ओइरात भाषेसाठी स्वतंत्र लिपी सिद्ध केली.

निर्वासनाचा आघात

सोव्हिएत राजवटीत १९३० च्या दशकात खुरूल बंद पाडण्यात आले व बहुतेक नष्ट झाले. त्याहून भीषण आघात २८ डिसेंबर १९४३ रोजी झाला. जर्मन सैन्यास साह्य केल्याच्या आरोपावरून साऱ्या समाजालाच दोषी ठरवून नव्वद हजारांहून अधिक काल्मिकांना ऐन हिवाळ्यात गुरांच्या डब्यांतून सैबेरियात पाठविण्यात आले. आघाडीवर लढणारे काल्मिक सैनिकही यातून सुटले नाहीत. थंडी, उपासमार व रोगराई यांना हजारो लोक बळी पडले. १९५७ मध्ये त्यांना मायभूमीस परतता आले. उघडपणे धर्माचरण करण्यास मात्र १९८० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली.

नव्या मंदिराची उभारणी

सुवर्णनिवासाचे उद्‌घाटन २७ डिसेंबर २००५ रोजी, निर्वासनाच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी झाले. आत नऊ मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. सभोवतीच्या सतरा मंडपांत नागार्जुनादी नालंदा परंपरेतील सतरा आचार्यांचे पुतळे आहेत. भारतातील विद्यापीठाची ही स्मृती इतक्या दूरच्या प्रदेशात जपली गेली, ही बाब आपणांस विशेष महत्त्वाची वाटेल. मंदिरात प्रार्थनेखेरीज ग्रंथालय व संग्रहालयाचीही सोय आहे.

तथापि एक प्रश्न शिल्लक आहे. सैबेरियात विखुरलेल्या कुटुंबांतील मुले रशियन भाषेतच वाढली आणि मायबोलीचा धागा तुटला. युनेस्कोने काल्मिक भाषेची नोंद संकटग्रस्त भाषांत केली आहे. मंदिर थोड्या काळात उभे राहू शकते. भाषा मात्र घरात आणि शाळेत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जावी लागते. अल्पसंख्य समाजांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने काल्मिकांचा हा अनुभव ध्यानी घेण्याजोगा आहे.