कानोची टोपली, नारायणगावचा क्रेट

कानो (नायजेरिया) : तेलाचे एवढे साठे असूनही नायजेरिया गरीब का, या प्रश्नाला जुन्नर-आंबेगावकडील वाचक ‘भ्रष्टाचार’ असे एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात, प्रत्यक्षात येथील शेतकऱ्याला लाचखोर सरकाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, गैरहजर सरकार महागात पडते. तेलाच्या पैशावर पोसलेल्या शासनाला प्रजेच्या कराची फारशी गरज उरली नाही, आणि ज्याच्याकडून कर घ्यायचा नाही त्याची दखल घेण्याचेही कारण राहिले नाही.

कानोच्या दक्षिणेस 1974 साली टिगा धरण पूर्ण झाले, कालवे निघाले आणि कडावा परिसरात टोमॅटो अमाप पिकू लागला. येथवरचे चित्र डिंभे किंवा येडगावच्या लाभक्षेत्राहून वेगळे नाही. फरक पडतो तो तोडणीनंतर. नारायणगावच्या उपबाजारात माल वीस किलोच्या क्रेटमधून येतो, त्याची बोली लागते आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी, म्हणजे वजन-भाव-कपातीचा लेखी हिशेब, पडते. कानोकडे वजनकाटा नाही, विणलेली टोपली आहे. एकावर एक रचलेल्या टोपल्यांच्या तळचा माल हजारेक किलोमीटरवरील लागोसला पोचेपर्यंत चिरडून त्याचा रस गळू लागतो. वाटेत जागोजागी बेकायदा नाके पैसे उकळतात. नाणेघाटात जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, पण त्याच वाटेवर वाटसरूंसाठी खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. घेणाऱ्याने काही द्यायचेही असते, ही समज त्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी होती.

टोमॅटो पोखरणारी ‘टुटा’ अळी पुणे जिल्ह्यात 2014 साली नोंदली गेली, तेव्हा सल्ला विचारायला नारायणगावातच कृषी विज्ञान केंद्र होते. कानोशेजारच्या कडुना राज्यात हीच अळी 2016 मध्ये पसरली, तेव्हा थेट आणीबाणी पुकारावी लागली. त्याच वर्षी कडाव्यात सुरू झालेला, दिवसाला 1200 टन क्षमतेचा टोमॅटो कारखाना मालाअभावी काही आठवड्यांतच बंद पडला.

म्हणून बाजार समिती, तलाठी आणि वीज कंपनी यांना गावाकडे रोज मिळणाऱ्या शिव्या चुकीच्या ठरत नाहीत. शिवी देण्यासाठी समोर कार्यालय तरी आहे. मात्र बिबट्याच्या मुलखात, रात्रीची वीज आली म्हणून बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसापुढे कानोचे उदाहरण ठेवून त्याला गप्प करणे हा अन्याय आहे. त्याला दिवसाच वीज मिळाली पाहिजे.