उभी गाडी खरेच जपली जाते का?

आपल्याकडे ‘मायलेज’ म्हटले, की एका लिटरला किती किलोमीटर, हाच हिशेब डोक्यात येतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र दुसराच आकडा पाहतात: गाडी आजवर एकूण किती चालली. तो जितका लहान, तितकी किंमत मोठी. म्हणून हौसेने घेतलेली स्पोर्ट्‌स कार कव्हराखाली जाते आणि मीटरवरचे प्रत्येक किलोमीटर मालकाला खिशातून गेल्यासारखे वाटते.

हा प्रश्न आमच्या घरचाही आहे. अकोल्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने अशीच एक दोन आसनी गाडी घेतली. दहा वर्षांत ती जेमतेम नऊ हजार किलोमीटर चालली. चालवत का नाही, असे विचारले, की दादांचे उत्तर ठरलेले: “इकाले काढली त भाव भेटन ना बाबू!” या उत्तरात किती तथ्य आहे, हे तपासून पाहू.

यंत्राची झीज दोन प्रकारची असते. पहिली चालण्याने होते. टायर, ब्रेक पॅड आणि क्लच झिजतात, आसनाचे कातडे मळते, उडालेल्या खड्यांनी पुढचा रंग टवके धरतो. दुसरी झीज काळाने होते आणि ती किलोमीटर मोजत नाही. रबरी सील व होस पाइप वाळून तडकतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते; त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि आतले भाग गंजू लागतात. म्हणून गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. बॅटरी उभ्या उभ्या उतरते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तेही पाणी ओढते आणि जुन्या धर्तीच्या रबराला मानवत नाही. मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या वऱ्हाडात रबर आणखी लवकर म्हातारे होते.

सचिन तेंडुलकर यांना २००२ मध्ये भेट मिळालेली फेरारी ३६० मोडेना सर्वांना आठवत असेल. २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. या मॉडेलच्या इंजिनात टायमिंगचा रबरी पट्टा असतो. तो साधारण दर तीन वर्षांनी बदलावा, असा या गाड्यांबाबतचा प्रघात आहे. गाडी तीस हजार किलोमीटर धावली असो की तीनशे, पट्ट्याचे वय थांबत नाही. तो तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते.

दुसरे उदाहरण रवी शास्त्री यांच्या ऑडी १०० चे. ती स्पोर्ट्‌स कार नव्हे, पण धडा तोच. १९८५ मध्ये मेलबर्नला मालिकावीर म्हणून जिंकलेली ही गाडी पुन्हा मूळ रूपात आणण्यासाठी गौतम सिंघानिया यांच्या सुपर कार क्लब गॅरेजला कित्येक महिने खपावे लागले. २०२२ मध्ये ती शास्त्रींच्या हाती परत आली. भावनिक मोल कितीही असो, काळ आपले काम करतोच.

जपणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. कारखान्यातून आलेला रंग एकदा गेला, की दुसरा कितीही चांगला दिला तरी तो मूळ रंग नव्हे. ज्या गाडीच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत, ती वाहन कमी आणि दस्तऐवज अधिक असते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातले रणगाडे धावत नाहीत म्हणून कोणी हळहळत नाही. कायद्यानेही हा भेद मानला आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार मूळ रूपातल्या, ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते. पण दहा वर्षांची गाडी काही दस्तऐवज होत नाही.

चालते ठेवून टिकवण्याचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे. अचलपूर, मूर्तिजापूर आणि यवतमाळ यांना जोडणाऱ्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झाले. १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तरहून अधिक वर्षे, ते सेवेत होते. कामावर असलेल्या यंत्राचे तेलपाणी होते, बिघाड लहान असतानाच कानावर येतो. उभ्या यंत्राचा बिघाड मात्र ते सुरू करायला गेल्यावरच कळतो.

त्याच मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना यांदरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. जमिनीलगतच्या गाडीला आपल्याकडे रस्ता कुठे आहे, ही जुनी सबबही त्यामुळे बरीच लंगडी पडते.

आता हिशेब करू. महिन्यातून एकदा ५० किलोमीटर चालवली, तर वर्षाचे ६०० आणि दहा वर्षांचे सहा हजार होतात. दादांच्या मीटरवर तेव्हा १५ हजारांच्या आसपास दिसतील. वीस वर्षांच्या गाडीला हा आकडा कमीच आहे. जाणता गिऱ्हाईक आकड्याबरोबर सर्व्हिसची बिलेही मागतो. दादा मात्र तेव्हा ७७ वर्षांचे असतील. इतक्या खाली असलेल्या आसनात बसणे-उठणे गुडघ्यांना तेव्हा जमेलच असे नाही, आणि त्याचा भाव कोणत्याही बाजारात मिळत नाही.

तेव्हा पथ्य सोपे आहे. अंगणातच पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवून समाधान मानू नये. त्याने तेल पुरते तापत नाही आणि ओलावा इंजिनात व सायलेन्सरमध्ये साचतो. महिन्याला एकदा तासभर रस्त्यावर न्यावी. तेल, ब्रेक ऑइल आणि पट्टा तारखेप्रमाणे बदलावा. टायरच्या बाजूवर छापलेला तयार झाल्याचा आठवडा आणि साल पाहून घ्यावे. दिवाळीनंतर पाऊस सरलेला असतो, ऊन सोसवते, रस्ते कोरडे असतात. कव्हर काढायला वऱ्हाडात याहून चांगले दिवस नाहीत.